दाढी : रोजची सवय आणि आरोग्य

(ग्वाल्हेर येथील मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



१८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी या किल्ल्याच्या परिसरात स्थिरावली आणि तिचेच पुढे लष्कर हे शहर झाले. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज महाराष्ट्रातून येथे आले. भाषा आणि सणवार त्यांनी जपले. हवा मात्र येथलीच स्वीकारावी लागली. कोकणच्या दमट हवेत जी कातडी मऊ राहते, ती येथे ज्येष्ठातील लूने भाजते आणि पौषातील थंडीने फुटते. अशा कोरड्या कातडीवर आपण रोज सकाळी पाते फिरवतो. हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु कातडी हे शरीराचे पहिले कुंपण आहे आणि दाढी करताना ते आपण आपल्याच हाताने मोडू शकतो.

दाढीची योग्य रीत

कोरडा केस राठ असतो. पाणी शोषल्यावर तो मऊ होतो. म्हणून दाढी आंघोळीनंतर करावी, किंवा कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-तीन मिनिटे चेहऱ्यावर धरावा. साबणाचा फेस नीट मुरू द्यावा. पाते धारदार असावे व ते केसांच्या वाढीच्या दिशेने, दाब न देता फिरवावे. उलट्या हाताने घोटून केलेली दाढी गुळगुळीत दिसते. पण पुष्कळदा केसांची टोके कातडीतच वळतात, पुटकुळ्या येतात आणि त्याच पुटकुळ्या दुसऱ्या दिवशी पात्याखाली सापडतात. असा त्रास होत असेल तर चार दिवस दाढी वाढू द्यावी.

दाढीनंतर चेहरा साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्यावा, घासू नये. कातडी ओलसर असतानाच साधे मलम वा व्हॅसलिन अगदी पातळ लावावे. उन्हात जाताना डोक्याला व चेहऱ्याला पंचा गुंडाळण्याची येथली पद्धत शहाणपणाची आहे. चेहरा गोरा करण्यासाठी किंवा पुटकुळ्या घालवण्यासाठी दुकानदाराच्या सांगण्यावरून कोणतेही मलम लावू नये. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते. काही दिवस बरे वाटते, पुढे कातडी पातळ व लाल होते आणि मलम सोडणे कठीण जाते.

एक पाते, एक माणूस

आता मुख्य मुद्दा. एकाच्या गालावरून फिरलेले पाते दुसऱ्याच्या गालावर फिरते, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे रक्तही त्याबरोबर जाते. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. हिपॅटायटिस सी हाही रक्तातून पसरतो. एच.आय.व्ही.ची धास्ती लोकांना अधिक असते. पण पात्यावरून काविळीचे हे विषाणू त्याहून सहज पसरू शकतात. पुष्कळांना लागण झाल्याचे कळतही नाही. काहींच्या बाबतीत बऱ्याच वर्षांनी यकृत निकामी होते किंवा त्याचा कर्करोग होतो.

पाते पाण्यात बुचकळले, फडक्याने पुसले किंवा त्यावर अत्तरी पाणी शिंपडले म्हणजे ते निर्जंतुक होत नाही. तुरटीने रक्त थांबते, विषाणू मरत नाही. आणि तोच खडा दहाजणांच्या जखमांवर फिरला तर तोही रोगवाहक ठरू शकतो. म्हणून गिऱ्हाइकाने नवे पाते आपल्यासमोर उघडवून घ्यावे. त्याची किंमत चहाच्या एका पेल्याहून कमी असते. घरीही बापलेकांनी, भावाभावांनी एक वस्तरा वापरू नये. वापरलेली पाती उघड्यावर न टाकता झाकणाच्या डब्यात साठवावीत. नाहीतर ती सफाई कामगाराच्या हातात रुततात.

दोष कोणाचा?

यात न्हावी बंधूंना दोष देऊन भागणार नाही. संत सेना महाराजांच्या या व्यवसायाला वारकरी परंपरेत मान आहे. परंपरेने त्यांचे नाते याच प्रदेशातील बांधवगडाशीही जोडले जाते. आपण दोन रुपये वाचवण्यासाठी घासाघीस करतो, तेव्हा जुने पाते आपणच मागत असतो. शिवाय दिवसभर पाती हाताळणाऱ्या कारागिराला धोका गिऱ्हाइकापेक्षा अधिक. हिपॅटायटिस बीची लस उपलब्ध आहे. प्रौढांना ती साधारणपणे सहा महिन्यांत तीन वेळा टोचतात. ती त्यांनी अवश्य घ्यावी. सीवर लस नाही; परंतु पोटात घ्यावयाच्या औषधांनी तो बहुधा पूर्ण बरा होतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात या रोगांची तपासणी व उपचार मोफत ठेवले आहेत.

ग्रामपंचायतींनी आठवडी बाजारात बसणाऱ्या कारागिरांना एकत्र बोलावून ही माहिती द्यावी. आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्यांच्या लसीकरणाकडे लक्ष द्यावे. शिक्षकांना माझी विनंती अशी की, मिसरूड फुटू लागलेल्या मुलांना वरच्या वर्गांत एक तास या विषयासाठी द्यावा. बहुतेक मुले दाढी करण्यास वडिलांचा वस्तरा गुपचूप घेऊन शिकतात. त्याआधी त्यांच्या हाती स्वतःचे पाते आणि ते वापरण्याची रीत पडावी, एवढीच अपेक्षा.