मौनामागचा विद्यार्थी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत शिक्षणाला नेहमीच अग्रस्थान मिळाले आहे. आज आपल्या घरांतील मुले परदेशी विद्यापीठांत शिकतात आणि परदेशांतील मुले पुण्यासारख्या शहरात येतात. दोघांनाही एकच अडचण भेडसावते, ती म्हणजे अनोळखी वर्गात तोंड उघडण्याची.

पुण्यात अध्यापन करीत असताना माझ्याकडून घडलेली एक चूक आज मोकळेपणाने सांगतो. माझ्या वर्गात इथिओपियाचा एक विद्यार्थी होता. वर्षभर तो एक शब्दही बोलला नाही. त्याला विषयात रस नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. वर्षअखेरीस त्याचा निबंध हाती आला. आपल्या गावच्या कॉफीच्या शेतीवरून त्याने बाजारभावाचे जे विवेचन केले होते, ते वर्गात कोणालाही साधले नव्हते. मी त्याला विचारले, ‘‘तू बोलला का नाहीस?’’ तो संकोचून म्हणाला, ‘‘सर, मी मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत आपण पुढच्या मुलाकडे वळत होता.’’

ते उत्तर माझ्या जिव्हारी लागले. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच हे दाखवून दिले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद थांबले, तर उत्तरे अधिक विस्तृत होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. पुढे १९८१ मध्ये फ्रँक लायमन यांनी एक सोपी रीत मांडली : आधी स्वतःशी विचार, मग शेजाऱ्याशी बोलणे आणि त्यानंतर वर्गासमोर मांडणी. परक्या भाषेत शिकणाऱ्याला ही मधली पायरी फार मोठा आधार देते.

परंतु केवळ पद्धत पुरेशी नाही, आपलेपणाही हवा. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहात कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे एकाकीपण डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पाहिले आणि त्या अस्वस्थतेतून १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली. सिम्बायोसिस म्हणजे सहजीवन. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला सुचलेले हे नाव किती अन्वर्थक आहे! आपणही परदेशी विद्यार्थ्याचे नाव नीट उच्चारावे, त्याला सणाला घरी जेवावयास बोलवावे. मात्र त्याच्या संपूर्ण देशाचा जाब त्याला विचारू नये.

परदेशी निघालेल्या मुलामुलींना माझे सांगणे आहे. गुरूंपुढे मौन राखणे हा आपल्याकडे विनय मानला जातो; तेथील अनेक वर्गांत त्याच मौनाचा अर्थ ‘तयारी नाही’ असा होतो. काही विषयांत चर्चेतील सहभागाला गुणही असतात. पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न लिहून न्या आणि तो विचाराच. उच्चारांची लाज बाळगू नका.

अनेकांत आपल्याला शिकवतो की, सत्याला अनेक बाजू असतात. वर्गातील एक विद्यार्थी गप्प राहिला, तर सत्याची एक बाजू त्या वर्गापुरती झाकलेलीच राहते. माझ्या वर्गात ती वर्षभर झाकलेली राहिली, याचा दोष माझा होता. तो दोष आपल्याकडून न घडो, हीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जयजिनेंद्र!