धूळ नाकापाशी मोजा

मागच्या भागात आपण यंत्रांच्या आवाजाबद्दल बोललो. आज धुळीबद्दल बोलू या, आणि सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

कोल्हापूर म्हणजे फाउंड्र्यांचा भाग. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही जा, ओतकामाशी नातं असलेलं माणूस भेटतंच. काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका फाउंड्रीत मी हवेतली धूळ मोजायला गेलो होतो. नमुने घेणारा पंप स्टँडवर लावला, शॉपच्या मधोमध. का? तर तिथं जागा मोकळी होती. आकडा मर्यादेत आला. तसा रिपोर्ट दिला आणि परत आलो.

दीडेक वर्षानं पुन्हा जाणं झालं. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला जॉब ग्राइंडरनं साफ करायच्या कामावर, एक मामा असायचे. ते दिसले नाहीत. शेजारचा पोरगा म्हणाला, ‘‘मामांना लई दम लागतोय. टीबीची औषधं चालू हायत, दुसऱ्यांदा.’’ संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मग मामा म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही तर मोजून गेलता की. हवा चांगली हाय म्हणून ऑफिसात तुमचाच कागद दाखवला आम्हाला.’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे कामामुळे होणारे आजार ओळखणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, कामाचा सगळा इतिहास विचारला, आणि निदान झालं सिलिकोसिसचं.

आता हे काय आहे ते समजून घेऊ. साच्याची वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, स्फटिकरूप सिलिका. जॉबला चिकटलेली वाळू ग्राइंडरखाली फुटते आणि तिचं पीठ होतं. आपल्याला जी धूळ दिसते, कपड्यावर बसते, नाकात काळी होऊन निघते, ती मोठी. खरी घातक धूळ 10 मायक्रॉनपेक्षा लहान. केसाची जाडी साधारण 70 मायक्रॉन धरली, तर ती किती बारीक हे लक्षात येईल. ती सुटी दिसत नाही, तासन्‌तास तरंगते आणि थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथं व्रण पडतात. ते भरून येत नाहीत. काम सोडल्यावरही आजार वाढू शकतो. शिवाय अशा फुप्फुसाला टीबी लवकर धरतो. म्हणजे मामांना टीबीची औषधं दिली हे चुकलं असं मी म्हणत नाही. चुकलं ते एवढंच, की ‘‘काम काय करता?’’ हे कुणी विचारलं नाही.

मग मोजायचं कसं? पंप कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला. त्याची नळी कॉलरपर्यंत, नाकापासून फूटभराच्या आत. नळीच्या टोकाला सायक्लोन नावाचं छोटं साधन, जे मोठी धूळ बाजूला टाकतं आणि फक्त बारीक धूळ गाळणीवर जाऊ देतं. माणूस जिथं जाईल तिथं पंप, आणि तोही जवळजवळ पूर्ण पाळीभर.

हिशोब सोपा आहे. पंप मिनिटाला 2.2 लिटर हवा ओढतो असं धरा. साडेसात तासांत 990 लिटर, म्हणजे जवळपास एक घनमीटर. समजा गाळणीचं वजन 2 मिलिग्रॅमनं वाढलं, तर हवेत घनमीटरला 2 मिलिग्रॅम बारीक धूळ. प्रयोगशाळेनं सांगितलं की त्यात 18 टक्के क्वार्ट्झ आहे. कारखाने अधिनियम, 1948 च्या दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र असं होतं: क्वार्ट्झच्या टक्केवारीत 2 मिळवा आणि त्यानं 10 ला भागा. 18 अधिक 2 म्हणजे 20. दहा भागिले वीस, मर्यादा 0.5. आपल्याकडे आहे 2, म्हणजे चौपट! अमेरिकेच्या ‘ओशा’ची 2016 ची मर्यादा तर याहून कडक आहे.

माझा स्टँड ग्राइंडरपासून वीस पावलांवर होता. मामांचं तोंड ग्राइंडरपासून हातभर. मी शॉपची हवा मोजली, मामांचा श्वास मोजलाच नाही.

आता उपाय. बहुतेक ठिकाणी पहिली गोष्ट आणतात ती मास्क. ती शेवटची असायला हवी. दाढी असली, पट्टा सैल असला, की कडेनं धूळ आत जाते; आणि भट्टीच्या उकाड्यात आठ तास मास्क कोण घालेल? आधी धूळ होऊच नये हे बघा. शेकआउट नीट झालं, तर ग्राइंडरपाशी जॉब आला तेव्हा वाळू कमी. वाळूच्या ब्लास्टिंगऐवजी स्टील शॉट. झाडूऐवजी व्हॅक्यूम, किंवा आधी पाणी मारून मगच झाडणं. आणि सुट्टीच्या वेळी हवेची नळी अंगावर मारून कपडे साफ करायची सवय आहे ना, ती पहिली बंद करा.

त्यानंतर धूळ ओढणारा हूड. इथं एक गंमत सांगतो. मेणबत्ती फुंकर मारून हातभर लांबून विझते. श्वास आत ओढून विझवून बघा! हूडचंही तसंच. त्याचं तोंड सहा इंचांचं असेल, तर सहा इंच लांब गेल्यावर ओढ साधारण एकदशांशच उरते. पुष्कळ ठिकाणी हूड वर छताजवळ लटकलेला असतो, पंखा जोरात फिरतो, वीजबिल येतं आणि धूळ मात्र माणसाच्या नाकासमोरूनच वर जाते. हूड जवळ आणा, आणि असा लावा की धूळ तोंडापासून लांब ओढली जाईल. मग पुन्हा मोजा. उपाय केल्यावर न मोजणं म्हणजे पेपर लिहून निकाल न बघणं.

तुम्ही अशा ठिकाणी काम करत असाल, तर हवा तपासणीचा रिपोर्ट मागा आणि तीन गोष्टी विचारा. पंप कुणाच्या अंगावर लावला होता? किती वेळ? क्वार्ट्झ किती टक्के निघालं? आणि खोकला घेऊन डॉक्टरकडे गेलात, तर त्यांनी विचारायची वाट बघू नका. काम काय करता, किती वर्षं करता, हे आपणहून सांगा.

मामा आता घरीच असतात. जिना चढताना मध्ये थांबतात. त्या फाउंड्रीत मी नंतर पुन्हा मोजलं, या वेळी पंप माणसांच्या कमरेला बांधून. आकडा मर्यादेबाहेर आला, आणि हूड खाली आले. मामांना ते सांगायला गेलो, तर म्हणाले, ‘‘बरं झालं. पोरं हायत तिथं अजून.’’