लॉर्डांच्या सभेतला मुसलमान

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला इंग्रज उमराव म्हटला की एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येतं. मोठी जहागीर, जुना वाडा, गावच्या चर्चमध्ये घराण्यासाठी राखून ठेवलेला बाक. चेशायर परगण्यातल्या आल्डर्लीच्या हेन्री स्टॅन्ली यांच्याकडे हे सगळं होतं. चर्चमधला तो बाकसुद्धा होता. फक्त ते स्वतः मुसलमान होते.

त्यांचा जन्म १८२७ चा. ईटन आणि केंब्रिजला शिक्षण झालं. वडील पामर्स्टनच्या मंत्रिमंडळात होते, त्यामुळे मुलगा परराष्ट्र खात्यात गेला यात नवल काही नाही. कॉन्स्टँटिनोपल आणि अथेन्स इथल्या वकिलातींत त्यांनी नोकरी केली. अरबीची गोडी तर आधीपासूनच होती. पुढे नोकरी सोडून ते पूर्वेकडे भटकत राहिले आणि १८५९ च्या सुमारास, सिलोनकडे असताना, हेन्री मुसलमान झाल्याची बातमी विलायतेत पोहोचली. घरचे हादरले. स्टॅन्लींनी मात्र कधी व्यासपीठावर उभं राहून धर्मांतराचा डंका पिटला नाही. अब्दुल रहमान हे त्यांचं मुस्लिम नाव.

१८६९ मध्ये वडील वारले आणि तिसरे बॅरन म्हणून ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये दाखल झाले. ब्रिटिश पार्लमेंटात बसलेले ते पहिले मुसलमान. ही गोष्ट इतकी सहज कशी घडली, ते पाहण्यासारखं आहे.

लिओनेल रॉथशिल्ड हे ज्यू गृहस्थ १८४७ मध्ये लंडन शहरातून कॉमन्सवर निवडून आले होते. पण शपथेत ‘ख्रिस्ती श्रद्धेला स्मरून’ असे शब्द. ते उच्चारायला त्यांनी नकार दिला आणि पुन्हा पुन्हा निवडून येऊनही १८५८ पर्यंत त्यांना बाहेरच राहावं लागलं. १८६६ मध्ये शपथेचा मसुदा बदलला, ते शब्द गेले. तीन वर्षांनी स्टॅन्ली आले ते या उघड्या दारातून. पुढे १८८० मध्ये निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ नॉर्थॅम्प्टनहून निवडून आले, तर त्यांना पुन्हा तोच अनुभव. १८८६ पर्यंत ते सभागृहाशी आणि न्यायालयाशी झगडत राहिले. हेच ब्रॅडलॉ १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते.

म्हणजे बघा, मतदारांनी निवडून दिलेल्या माणसांना वर्षानुवर्षं दाराशी थांबावं लागलं, आणि बापाच्या जागी बसायला आलेल्याला कुणी हटकलं नाही. शपथेचा कायदा दोघांनाही लागू होता. पण लॉर्ड स्टॅन्लींना निवडून यायचं नव्हतं, उमेदवारी मागायची नव्हती, प्रचारसभेत ‘तुम्ही आमचे का त्यांचे?’ या प्रश्नाला तोंड द्यायचं नव्हतं. मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाला हा प्रश्न ओळखीचा असतो, बहुधा ‘तुमचं मराठी छान आहे हो’ अशा कौतुकाच्या वेषात तो येतो. स्टॅन्लींची मोकळीक जन्मसिद्ध होती. मला तिचा हेवा वाटतो आणि ती खटकतेही.

या मोकळिकीचं त्यांनी काय केलं? मंत्रिपद मिळवलं नाही. कानाने कमी ऐकू येई. पण साम्राज्यातल्या दूरच्या माणसांचे प्रश्न ते चिकाटीने मांडत. १८७५ मध्ये मलायातल्या पेराक संस्थानात इंग्रज रेसिडेंटचा खून झाला, सूड म्हणून फौज गेली, तेव्हा या कारवाईबद्दल त्यांनी सरकारला जाब विचारला. हिंदुस्थानच्या कारभारावरही ते बोलत. स्वतःच्या जहागिरीतले दारूचे गुत्ते त्यांनी बंद केले. आणि त्याच माणसाने वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या चर्चच्या डागडुजीला पैसे दिले. लानबाड्रिगच्या चर्चमध्ये त्यांच्या आवडीच्या इस्लामी धर्तीच्या निळ्या फरश्या बसवल्या गेल्या.

आपल्याला जवळचं वाटावं असं त्यांचं एक काम आहे. दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेलं हिंदी महासागराच्या किनाऱ्यांचं वर्णन त्यांनी स्पॅनिश हस्तलिखितावरून इंग्रजीत आणलं. १८६६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपलं चौल आणि दाभोळ त्यात आहे, तिथली जहाजं, तिथला व्यापार आहे. गास्पार कोरेयाच्या ग्रंथातून वास्को द गामाच्या तीन सफरींचा अनुवादही त्यांचाच. कोकणच्या इतिहासाचे अभ्यासक ही पुस्तकं चाळतात, पण अनुवादक कोण, हे सहसा कुणी विचारत नाही.

घराणं मोठं गमतीचं. एक भाऊ कॅथलिक बिशप, दुसरा, लायल्फ, धर्म न मानणारा आणि शिक्षणासाठी झटणारा. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल हे त्यांच्या बहिणीचे चिरंजीव. जेवणाच्या टेबलावर काय वाद झडत असतील!

स्टॅन्ली ११ डिसेंबर १९०३ रोजी वारले. रमजानचा महिना होता. आल्डर्लीच्या त्यांच्याच रानात मुस्लिम पद्धतीने दफन झालं, तुर्की वकिलातीचे इमाम आले होते. लिव्हरपूलच्या मशिदीत अब्दुल्ला क्विलियम यांनी त्यांच्यासाठी नमाज पढवली. दफनाच्या वेळी एका भावाने आदराने हॅट काढली, तेव्हा दुसऱ्याने, अरे हॅट नव्हे, बूट काढायचे असतात, असं दटावल्याची आख्यायिका आहे.

त्यांना अपत्य नव्हतं. किताब आणि लॉर्ड्समधली जागा लायल्फकडे गेली. त्या सभागृहात पहिली मुस्लिम स्त्री बसली ती १९९८ मध्ये. पोला उद्दीन त्यांचं नाव, जन्म राजशाहीचा, आणि बापजाद्यांची जहागीर नव्हती.