दुसऱ्याच्या हाती दिलेली मोटार

मोटारशर्यतीतला जगज्जेता गुण मोजून ठरू लागला तो १९५० पासून. त्या पहिल्याच वर्षीच्या यादीत दोरीनो सेराफीनी हे नाव सापडते, पुढे नाही.

हा इटलीतल्या पेझारो गावचा. १९३९ साली जिलेरा मोटारसायकलीवर ५०० सी.सी. गटात तो युरोपचा विजेता ठरला. मग युद्ध आले, आणि उमेदीची वर्षे त्यातच गेली.

३ सप्टेंबर १९५० रोजी तो मोन्झाच्या शर्यतीत उतरला, फेरारी घेऊन. वय ४१, फेऱ्या ८०. फेरारीचा मुख्य गडी आस्कारी. त्याचीच गाडी मध्येच बिघडून बसली. आता काय करायचे? सेराफीनी थांबला, खाली उतरला आणि आपली चालती मोटार आस्कारीच्या स्वाधीन केली! त्या काळी नियमाला हे चालत असे. आस्कारीने ती दुसरी आणली. गुण सहा, दोघांना तीन-तीन. पहिला आला फारिना, आणि जगज्जेताही तोच झाला. पण मला विचाराल, तर त्या दिवशी बघावे ते हे उतरणे.

१९५१ साली मिल्ले मिल्या या हजार मैलांच्या शर्यतीत अपघात होऊन सेराफीनी जबर जखमी झाला. जगज्जेतेपदाच्या शर्यतीत तो पुन्हा दिसला नाही. १९५८ पासून गुणांची अशी वाटणीही बंद झाली.