मूल 'ढ' नसते
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपण या विहारात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. हार घालतो, पेन देतो, फोटो काढतो. ते योग्यच आहे. पण त्या दिवशी नापास झालेली पोरं विहाराकडे फिरकत नाहीत. आम्ही कार्यकर्ते हे वर्षानुवर्षे बघतो आहोत आणि गप्प बसलो आहोत. आज त्याविषयी बोलायचे आहे.

हा विषय कोल्हापूरला नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठेवला. नीट ध्यानात घ्या, दंड पालकाला होता. मूल शिकले नाही तर जबाबदार मोठी माणसे, असा त्याचा अर्थ. पुढे १९१९ साली महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून आपल्या मुलांना सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. देशात शिक्षणहक्काचा कायदा लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले!

वेगळे बसवणे म्हणजे काय, ते बाबासाहेबांनी लहानपणी साताऱ्यात भोगले. वर्गात ते स्वतःच्या गोणपाटावर बाजूला बसत. संध्याकाळी तो गोणपाट घरी न्यायचा, सकाळी परत आणायचा. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, नाहीतर तहानलेले राहायचे.

आज आपली मुले बाकावर बसतात. पण बाकावर बसले म्हणजे शिकले असे होत नाही. तथागतांच्या काळची गोष्ट बघा. चुल्लपंथक नावाच्या भिक्खूला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खू होता. त्याने कंटाळून सांगितले, "तू घरी जा." चुल्लपंथक निघाला, तेव्हा वाटेत तथागत भेटले. त्यांनी त्याला ती गाथा घोकायला लावली नाही. एक स्वच्छ पांढरे फडके दिले आणि हाताने चोळत राहा म्हणाले. चोळता चोळता फडके मळले. स्वच्छ वस्तूही अशी पालटते, अनित्य आहे, हे त्याला उमगले आणि तो अर्हत झाला. मग ढ कोण होता? शिष्य तोच होता, शिकवण्याची रीत बदलली.

म्हणून विहाराच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, कोणत्याही मुलाला 'ढ' म्हणायचे नाही. घरी आईबापांनीही नाही. दुसरी, पाढे पाठ होत नसतील तर बाजारच्या पिशवीवरून हिशेब शिकवायचा. पुस्तकातून नाही कळले तर वस्तू हातात द्यायची. तिसरी, पुढे असलेल्या मुलाने मागच्या एकाला जवळ घेऊन बसायचे.

आणि सत्कार? तो होईलच. पण निकालाच्याच संध्याकाळी आपल्यातले दोघे-दोघे नापास झालेल्या पोराच्या घरी जातील, चहा घेतील आणि फेरपरीक्षेचा फॉर्म कधी भरायचा ते ठरवूनच उठतील.

'शिका' हे बाबासाहेबांचे सांगणे सगळ्यांसाठी आहे, एकट्या पहिल्या नंबरासाठी नाही. पुढच्या वर्धापनदिनाला ती पोरंही या सभागृहात बसलेली दिसावीत, एवढीच आमची इच्छा.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!