पिल्लाला घरचे वळण



दिवाळी आटोपून थंडी पडू लागली की गावोगाव कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या कडब्याच्या गंजीखाली एखादी कुत्री व्यालेली असते. मग शाळेतून येताना एखादा पोरगा सदऱ्याच्या आत काहीतरी दडवून घरी येतो. आई विचारते, "काय रे ते?" आणि सदऱ्यातून कुंई असा आवाज येतो. पुढचे आठ दिवस कौतुकाचे. वाटीभर दूध काय, जुने लुगडे काय, नावावरून पोरांची भांडणे काय! नवव्या दिवशी पहाटे अंधारात माजघरातून जाताना घरच्या माउलीचा पाय ओल्यात पडतो आणि कौतुक संपते. पंधरवड्यात पिल्लू पोत्यात जाते आणि वेशीबाहेर, नाहीतर बाजारच्या गावी सोडले जाते. काही पिल्ले गाडीखाली सापडतात. जी जगतात ती लसीवाचून, माणसाच्या धाकात मोठी होतात, आणि मग एक दिवस कुणाचे तरी मूल चावून घेते. मी ढोरांचा डॉक्टर. हा सगळा प्रवास मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि त्याची सुरुवात बहुधा त्या माजघरातल्या ओल्यापासूनच झालेली असते.

दुसऱ्याला कशाला बोलू? नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एक तांबूस पिल्लू आणले होते. संध्याकाळी दवाखान्यातून घरी यावे, तो दाराआड घाण केलेली. मी त्याचा कान धरायचा, नाक तिथे टेकवायचे, वर्तमानपत्राची सुरळी करून दोन फटके द्यायचे आणि बाहेर काढायचे. लहानपणापासून हेच पाहिलेले. आठ दिवसांनी दाराआड घाण दिसेनाशी झाली. मला वाटले, झाले, शहाणे झाले. चार दिवसांनी धान्याच्या कणगीमागून वास येऊ लागला! बरे, फिरायला न्यावे तर तासभर माझ्याबरोबर हिंडून ते काही करायचे नाही. घरात आले की पुन्हा कणगीमागे. माझी आई तेव्हा म्हणाली, "अरे, जागा वाईट हे त्याला कळलंच नाही. तू वाईट आहेस एवढंच कळलंय." डॉक्टरकी शिकून आलेल्या मला जे समजले नाही ते तिला समजले होते. पिल्लाने संध्याकाळच्या माराचा संबंध दुपारी केलेल्या घाणीशी जोडलाच नव्हता. आपल्याला पाहून ते अंग चोरते, त्याला आपण अपराधी भाव म्हणतो. ती निव्वळ भीती असते.

आता निसर्गाची बाजू बघा. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून लघवीसुद्धा होत नाही. आई पोटाखाली चाटते तेव्हा होते, आणि आईच ते साफ करते. तीन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडलेले, पाय फुटलेले पिल्लू लटपटत अंथरुणापासून दूर जाते आणि तिथे बसते. कुणी शिकवलेले नसते. आठ-नऊ आठवड्यांचे होईतो ते ठरावीक जागाही धरू लागते. निजायची जागा कोरडी ठेवावी ही त्याची उपजत बुद्धी आहे. आपले काम इतकेच, की त्याची ही 'निजायची जागा' हळूहळू आपल्या घराएवढी मोठी करायची. आणि म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. पोरांनी आधीच उचलून आणले असेल आणि कुत्री जवळपास असेल, तर सरळ तिच्याकडे नेऊन ठेवा. महिन्याभराने आणा.

यासाठी एक पेटी लागते. आंब्याची लाकडी पेटी चालेल, खिळे तेवढे ठोकून सपाट करा. पिल्लाला उभे राहता यावे, वळता यावे, पाय ताणून निजता यावे, एवढीच ती मोठी असावी. फार मोठी असली तर ते एका कोपऱ्यात निजते आणि दुसऱ्या कोपऱ्यात उरकून घेते. मग मध्ये फळी घाला आणि पिल्लू वाढेल तशी ती सरकवा. तोंडाशी जाळी हवी, वारा खेळता हवा. पत्र्याच्या छपराखाली, उन्हात पेटी ठेवाल तर पिल्लू दगावेल, हे पक्के लक्षात असू द्या. आत गोणपाट घाला आणि आणण्यापूर्वी त्याच्या आईच्या अंगावर घासलेले एक फडके ठेवा.

पहिल्याच दिवशी आत कोंडू नका. भाकरीचा तुकडा आत टाका, जाऊ द्या, येऊ द्या. खाणे आतच द्या. मग दोन मिनिटे दार लावा, मग पाच, मग दहा. रात्री पेटी आपल्या अंथरुणाशेजारी असावी. माणसाचा श्वास ऐकू आला की पिल्लू लवकर निजते. शिक्षा म्हणून मात्र कधीही पेटीत घालू नका, आणि दिवसच्या दिवस कोंडून तर मुळीच नको. ज्या घरची सगळी माणसे सकाळी शेतावर जाऊन दिवेलागणीला परततात, त्यांनी पिल्लू बरोबर न्यावे, नाहीतर आणूच नये.

आता वेळांचे. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, आणि दंगामस्ती झाली की, या तीन वेळा पिल्लू हमखास बसते. एरवी दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दोन तासांनी आणि रात्री एकदा तरी उठून न्यावे लागते. चालवत नेऊ नका, वाटेतच उरकेल, उचलून न्या. परसातला एकच कोपरा ठरवा. गावचा उकिरडा नको, तिथे दहा कुत्री येतात आणि लसी पुऱ्या न झालेल्या पिल्लाला रक्ताच्या हगवणीची लागण होते. कोपऱ्यात सोडा, एकच शब्द म्हणा आणि गप्प उभे राहा. झाले की तिथल्या तिथे शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. घरात येऊन दिलात तर तो घरात आल्याबद्दलचा होतो! शिवाय लगेच आत आणू नका, थोडे खेळू द्या. नाहीतर 'उरकले की बाहेरची गंमत संपते' असे त्याला वाटते आणि ते लांबवते.

घरात बसताना दिसले तर हळूच टाळी वाजवा, उचला, बाहेर न्या. नंतर दिसले तर मुकाट्याने पुसा. सारवलेल्या जमिनीत मूत मुरते, वरून पुसून वास जात नाही. तेवढी माती खरवडून काढा, नवी माती दाबा, मग सारवा. आपल्याला वास आला नाही तरी त्याला येतो.

गुरुजनांना एक सांगतो. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी पिल्लू नेलेल्या मुलांना वहीत तीन रकाने आखायला लावले: उठले केव्हा, खाल्ले केव्हा, बसले केव्हा. चार दिवसांत मुलांना स्वतःच मेळ दिसला, आणि घरच्यांना समजावण्याचे काम वहीने केले. त्याच वहीत लसींच्या तारखाही लिहवून घ्या. जंताचे औषध वजन पाहून पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळते. पिल्लाच्या विष्ठेतले जंत मातीतून मुलांच्या पोटात जातात, म्हणून ती रोज उचलून खोल खड्ड्यात टाकावी, भाजीच्या वाफ्यात नव्हे. तीन महिने पुरे होताच रेबीजची लस, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. दुधाचे दात म्हणून पिल्लाच्या चाव्याकडे कानाडोळा करू नका. जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे. हा रोग अंगात दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही.

किती दिवस लागतात, असे सगळे विचारतात. नेटाने केले तर महिन्यात फरक दिसतो. पुरते वळण लागायला सहा महिने धरा. मध्येच एखादे दिवशी चुकेल. आणि दिवाळीच्या सुमारास जन्मलेले पिल्लू मृगाला सात महिन्यांचे होते, त्याने पाऊस पाहिलेलाच नसतो. पहिल्या सरीला ते उंबऱ्यावर थबकते, तुमच्याकडे बघते आणि मागे फिरते. तेव्हा रागावू नका. वैशाखातच त्या कोपऱ्यावर चार मेढी रोवून एक जुना पत्रा टाकून ठेवा, आणि पहिले आठ दिवस छत्री घेऊन तुम्हीही तिथे उभे राहा.