नालबंदीची उमेदवारी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



भाता, ऐरण आणि हातोडा यांविषयी आपण लोहार अभिमानाने पुष्कळ बोलतो. परंतु हातातील विद्या पुढील पिढीस द्यावी कशी, याचा विचार क्वचितच करतो. आज नालबंदीचे उदाहरण घेऊन त्याविषयी चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे. हे काम केवळ आपले नव्हे. मुसलमान नालबंद कुटुंबांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जतन केले आहे. त्यांच्यापासूनही आपण शिकावे.

नालबंदी म्हणजे लोखंड ठोकणे, ही समजूत अपुरी आहे. ती आधी खूर ओळखण्याची विद्या होय. घोड्याच्या खुराची बाहेरील भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते. आत जिवंत भाग असतो. भिंत व तळवा यांच्या सांध्यावर एक फिकट रेघ दिसते. खिळा तिच्या आत गेला की जनावर लंगडलेच! बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्यास आठ पत्र्या लागतात.

यास्तव उमेदवाराने प्रथम पाय धरावयास शिकावे. मग जुना नाल काढावा आणि त्याची झीज पाहावी. जनावर कोणत्या बाजूस भार देते, हे ती झीज सांगते. पुढे तासणे, कानस मारणे, नाल घडविणे आणि सर्वांत शेवटी खिळा. मी शिक्षक, खुराची आकृती फळ्यावर काढू शकेन, परंतु बिथरलेल्या घोड्याचा पाय धरणे फळ्यावर शिकविता येत नाही. त्यास गुरूचा सहवासच हवा.

इंग्लंडात नालबंदांचा संघ १३५६ सालापासून आहे. १९७५ च्या कायद्याने तेथे नोंदणीवाचून घोड्यास नाल मारणे गुन्हा ठरला. उमेदवार सुमारे चार वर्षे मान्य गुरूपाशी राबतो, परीक्षा देतो. आपल्याकडे २०२३ साली सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत लोहार आहे, नालबंद स्वतंत्रपणे नाही. आणि प्राथमिक शिक्षण पाच ते सात दिवसांचे. साहाय्य स्वागतार्ह आहे, पण आठवड्यात हात तयार होत नाही.

काम संपले असेही नाही. माथेरानचे घोडे, शर्यतीचे घोडे, डांबरी सडकेवरून ऊस ओढणारे बैल यांस जाणता हात लागतोच. मुलगा मात्र येत नाही. कारण शिकण्याच्या वर्षांत घरी चार पैसे जात नाहीत, आणि शेवटी हाती दाखलाही पडत नाही.

म्हणून माझी सूचना अशी : आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी निदान एका उमेदवारास निर्वाहवेतन द्यावे, त्याच्या गुरूस, मग तो कोणत्याही ज्ञातीचा असो, मानधन द्यावे आणि जाणत्यांसमक्ष परीक्षा घेऊन दाखला द्यावा. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा आपण सत्कार करतो, तसाच याचाही करावा. मुके जनावर अडाणी हाताविरुद्ध तक्रार करू शकत नाही. त्याच्या वतीने ही विनंती करून मी आपली रजा घेतो.